चुकलं तर कोणाच्या दुकानावर जायचं?

या महिन्यात पत्रांपेक्षा व्हॉइस मेसेज जास्त आले. एक विनंती आहे, लिहून पाठवत जा. मेसेज मी दुकानात बसून ऐकतो, त्याच वेळी कोणी ना कोणी समोर टेम्पर्ड ग्लास लावून घेत उभा असतो, आणि मग तुमच्या घरातली भानगड अर्ध्या स्टँडाला कळते. मागच्या महिन्यात एका ताईंचं असंच झालं. त्यांची इथूनच माफी मागतो.

नव्या वाचकांसाठी सांगतो, या सदरात मी मोबाइल-व्हिडिओच्या प्रश्नांना उत्तरं देतो, पण मी इंजिनीअर नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला माझं दुकान आहे. १९८९ साली ते व्हिडिओ सेंटर होतं. व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट, एका रात्रीचं भाडं. मग सीडी आल्या. मग मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा आला, वीस रुपयांत दोन जीबी. त्यात भीमगीतं, भजनं, लावण्या, आणि जे विचारायचं नाही तेही. २०१६ च्या सप्टेंबरात नेट फुकट मिळायला लागलं आणि शिमग्यापर्यंत मेमरी कार्डाचं गिऱ्हाईक संपलं. आता रिचार्ज, रिपेअरिंग आणि ऑनलाइन फॉर्म. पाटी चारदा बदलली. लाकडी गल्ला मात्र तोच आहे.

भाऊ, माही चार एकर पऱ्हाटी (कापूस) आहे. यंदा बोंडअळी दिसून राहिली. यूट्यूबवर एक जण सांगते का तीन औषधं एका पंपात मिसळून मारा, आठ दिवसांत वावर साफ. दोन लाखांवर लोकांनी पायलं, खाली सारे वाहवा करून राहिले. कृषी सहायक मिसळू नका म्हणते. कोणाचं ऐकू? (एक शेतकरी, ता. आर्णी)

भाऊ, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, हा माणूस कापसाला 'नरमा' म्हणतो. नरमा हा शब्द पंजाब, हरियाणा, राजस्थानकडचा. तिकडं कालव्याचं पाणी, पेरणी एप्रिल-मेमध्ये उरकते. आपली पऱ्हाटी जूनच्या पावसाची वाट पाहते आणि बहुतेकांची कोरडवाहूच. त्याच्या पिकाचा जो महिना, तो तुमच्या पिकाचा नाही. त्यात व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा निघाला. तारीख शीर्षकाखाली असते, तिथं बोट लावल्याशिवाय ती नीट दिसत नाही, म्हणून कोणी पाहत नाही.

दुसरी गोष्ट, तो 'प्रति पंप इतके मिली' म्हणतो. कोणता पंप? शिफारशीत मात्रा साधारण दहा लिटर पाण्याला छापलेली असते. पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा, कोणाचा वीसचा. पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपाला एकरी पाणीच कमी लागतं, त्याची मात्रा वेगळी. त्याच्या हातात पॉवर पंप आहे आणि तुमच्या पाठीवर बॅटरीचा. झाकण दोघांचं सारखंच दिसतं!

तिसरी, व्हिडिओखालचं 'आणखी पहा' उघडलं तर एक मोबाइल नंबर आहे आणि 'औषध घरपोच मिळेल' असं लिहिलं आहे. म्हणजे हा शेतीचा मास्तर नाही, हा माल विकणारा आहे. माल विकण्यात गैर काही नाही, मीही विकतो. पण त्यानं ते तोंडानं सांगायला पाहिजे होतं.

आता दोन लाखांचं. तेवढ्या लोकांनी तो पाहिला, एवढंच त्या आकड्यावरून कळतं. किती जणांची वावरं साफ झाली हे त्यात येत नाही. वाहवा करणाऱ्यांपैकी कोणी दहा दिवसांनी परत येऊन 'फरक पडला' असं लिहिलंय का, ते मी खाली सरकवत सरकवत पाहिलं. एक जण सापडला. त्यानं लिहिलं होतं, 'पाने जळाली, नंबर लागत नाही.' त्याला उत्तर नाही.

मला २०१७ चा हंगाम आठवतो. पोळा होऊन गेला होता. दुकानात एक फवारणीवाला मजूर रिचार्जचं कार्ड घ्यायला आला. कार्ड खरवडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि मला म्हणाला, 'भाऊ, आकडे वाचून द्या, दिसून नाही राहिले.' मला वाटलं निरक्षर असेल. तो दहावी झालेला होता. तोंडाला लाळ सुटत होती, ती तो बाहीनं पुसत होता. आम्ही त्याला ऑटोत टाकून दवाखान्यात पाठवलं आणि तो वाचला. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र होती.

तेव्हा ते मिश्रण कोण्या व्हिडिओनं शिकवलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. शेजाऱ्यानं सांगितलं होतं, नाहीतर कृषी केंद्राच्या काउंटरवरच्या पोरानं. पण तो काउंटर तिथंच होता. लोक जाऊन भांडू शकले, बिल दाखवू शकले. माझ्याकडून नेलेली कॅसेट रात्री दोन वाजता अडकली तर सकाळी सातला गिऱ्हाईक शटरसमोर उभं असायचं, आणि मी शिव्या खाऊन पैसे परत द्यायचो. तुमच्या या व्हिडिओवाल्याचं शटर कुठं आहे?

म्हणून कृषी सहायकाचं ऐका, आणि त्याच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. औषधाचं नाव, दहा लिटरला मात्रा, तारीख. खरेदीचं पक्कं बिल घ्या. डब्यावरचा रंगीत चौकोन पाहा: लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानानं सौम्य. त्याआधी फवारणी लागते का तेच तपासा. एकरी दोन कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त नर पतंग पडले तर पाणी डोक्यावरून चाललं समजा. सापळा नसेल तर वावरात फिरून वीस हिरवी बोंडं तोडा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून फोडा. दोनांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के झाले, मग फवारणी. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसतील त्या तोडून नष्ट करा, धुऱ्यावर टाकू नका. आणखी शंका असेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

व्हिडिओ बघूच नका असं मी म्हणत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे बघा. आपल्याकडच्या काही शेतकरी पोरांचेही चांगले आहेत. माझी पारख सोपी आहे. जो पोरगा औषध मारल्यावर दहा दिवसांनी त्याच वावरात परत जाऊन, फसलं असलं तरी, कॅमेरा चालू करतो, त्याचं मी ऐकतो.

भाऊ, मी चुलीवरचे रोडगे, पानगे, पाटवडी असे व्हिडिओ टाकते. अकराशे सबस्क्रायबर झाले. एका माणसाचा फोन आला, पाच हजार भरा, मॉनिटायझेशन (व्हिडिओवर जाहिरातीचे पैसे) चालू करून देतो, कंपनीत ओळख आहे म्हणतो. सासूबाई म्हणतात, घरातली चूल जगाला काहून दाखवायची. पैसे भरू का? आणि सासूबाईंना काय सांगू? (एक गृहिणी, ता. दर्यापूर)

ताई, भरू नका. त्याला आणखी एक रुपयाचंही बोलू नका. भरले असतील तर आजच १९३० वर फोन करा, फसवणुकीची तक्रार तिथं घेतात. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

यूट्यूब यासाठी पैसे घेत नाही. जाहिरातीच्या पैशासाठी नियम २०१८ पासून असा आहे: एक हजार सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तास बघितलं गेलेलं असावं. तुमचे सबस्क्रायबर झाले, अडलं ते तासांवर. हिशेब करून पाहा. तुमचा रोडग्यांचा व्हिडिओ सहा मिनिटांचा आहे. तो चाळीस हजार वेळा पूर्ण बघितला गेला तर चार हजार तास भरतात. लोक पूर्ण बघत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात कितीतरी जास्त वेळा बघितला जावा लागतो. आणि तुम्ही ज्या उभ्या, मिनिटाच्या आतल्या चित्रफिती टाकता त्यांचे तास यात धरत नाहीत. त्यांचा वेगळा नियम आहे, नव्वद दिवसांत एक कोटी वेळा बघितलं जावं लागतं. तो नाद सध्या सोडा.

तास भरले की अर्ज करायचा. मग माणसं आणि मशीन मिळून तुमचं चॅनल तपासतात. पास झालं की जाहिराती लागतात. जाहिरातीच्या शंभर रुपयांतले पंचावन्न तुमचे, पंचेचाळीस त्यांचे. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे पाहायला एक पत्र येतं, खरंखुरं, पोस्टानं. त्यात सहा आकड्यांचा पिन असतो. आमच्या भागात शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, व्हिडिओ टाकणाऱ्या एका पोराचं असं पत्र आलं होतं. त्यानं पत्त्यात गावाचं नाव इंग्रजीत असं काही लिहिलं होतं की पोस्टमन दोन दिवस पाकीट घेऊन फिरला, आणि शेवटी माझ्या दुकानात आला, 'हे तुमच्यासारखंच काहीतरी दिसते' म्हणून. पातळ पांढरं पाकीट, कडा फाडून उघडायचं. पोरगं आलं, त्यानं ते उघडलं नाही. बापाला बोलावून आणलं आणि बापाच्या हातानं फाडलं. बापानं आत पाहिलं आणि विचारलं, 'यात पैसे कुठं आहेत?' म्हणून सांगतो, पत्ता लिहिताना मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड नीट लिहा. पत्र हरवलं तर पुन्हा मागवता येतं. आणि बँकेत पैसे येतात ते शंभर डॉलर जमल्यावरच, त्याआधी नाही.

आता सासूबाई. माझ्या घरच्यांनी तुमचा रोडग्यांचा व्हिडिओ तीनदा पाहिला. तुमच्यासाठी नव्हे, रागवू नका. मागून एक आवाज येतो, 'आर उलटा ना वो, एका अंगानं जळून राहिले,' त्या आवाजासाठी. तुम्ही तेवढ्यात पटकन रोडगे फिरवता. तो आवाज त्यांचाच असणार. त्यांना विचारलंत का, की तुमचा आवाज गेला तर चालेल? चालत नसेल तर तो काढून टाका, अॅपमध्ये एका बटणाचं काम आहे.

त्यांच्या बोलण्यात दम नाही असं समजू नका. माझी कॅसेट फार तर चार गावं फिरायची, परत यायची. तुम्ही टाकलेलं परत येत नाही. तुम्ही काढून टाकलं तरी कोणीतरी उतरवून ठेवलेलं असतं. चूल दाखवा. दारावरचा घरनंबर, मुलीचा शाळेचा गणवेश, आणि घरचे सारे लग्नाला गेलेत हे, यातलं काही दाखवू नका. पानग्यांच्या व्हिडिओत तुमच्या मागं भिंतीला लाइटबिल खिळ्याला टांगलेलं आहे. मी मोठं करून पाहिलं, ग्राहक क्रमांक वाचता येतो.

फोन सारखा हँग होतो. नवीन घेऊ का? (एक वाचक, ता. पुसद)

नको. रोज सकाळी किती जण तुम्हाला उगवता सूर्य पाठवतात ते मोजा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन मीडिया आपोआप उतरवणं बंद करा, आणि 'मॅनेज स्टोरेज'मधून जुनं पुसून टाका. गेल्या आठवड्यात एका गुरुजींच्या फोनमधून मी नऊ जीबी गुलाबाची फुलं काढली.

नातू चार वर्षांचा आहे. मोबाइल समोर असल्याशिवाय घास घेत नाही. सून म्हणते, निदान जेवते तरी. आमच्या गावात ग्रामपंचायतीनं काही ठराव करावा का? (एक आजोबा, ता. मेहकर)

काकाजी, ठराव झालेले आहेत. आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ साली अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल बंद असा ठराव केला. त्याच वर्षी सांगलीकडं मोहित्यांचे वडगाव इथं वेगळी रीत सुरू झाली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावभर टीव्ही-मोबाइल बंद. मला दुसरी रीत जास्त पटते, कारण तो भोंगा सासऱ्यालाही लागू आहे. पण चार वर्षांच्या पोराला ठराव कळत नाही, आणि सूनबाईंना दोन्ही वेळचा स्वयंपाक, धुणं आणि वावर आहे, हेही तुम्ही पत्रात लिहायला पाहिजे होतं.

दोन गोष्टी आजच करा. यूट्यूबमध्ये एक व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपोआप लागतो, ते 'ऑटोप्ले'चं बटण बंद करा. दुसरी, 'वॉच हिस्टरी' पुसून बंद करा. २०२३ पासून असं केलं की उघडल्यावरचं पान जवळजवळ कोरं दिसतं, समोर काही नाचत येत नाही. जे पाहिजे ते शोधून लावावं लागतं. एक गाणं तुम्ही लावायचं, ते संपलं की संपलं. पहिले तीन दिवस पोरगं आकांत करेल. त्या तीन दिवसांत ताट तुम्ही हातात घ्या, सूनबाईंवर टाकू नका. माझ्या नातवाच्या वेळी मी त्याला रोज घास तोंडात असताना दुकानातल्या जुन्या व्हीसीआरचं झाकण दाबू द्यायचो. खटकन उघडतं, खटकन लागतं. बिचारं यंत्र शेवटी पोराला जेवू घालायच्या कामी आलं.

आमचं मंडळ दरवर्षी मंडईला (दिवाळीनंतरच्या जत्रेला) झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडचं रात्रभर चालणारं, नाटक ठेवते. मागच्या वर्षी लोकांनी मोबाइलवर लाइव्ह केलं, दुसऱ्या दिवशी पूर्ण नाटक यूट्यूबवर. पंधरा दिवसांनी शेजारच्या गावात तेच नाटक होतं, तिथं निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मोबाइल जमा करावे का? (मंडळाचा कार्यकर्ता, ता. सिंदेवाही)

आधी एक कबुली देतो. व्हिडिओ सेंटरच्या काळात माझ्याकडच्या सगळ्या कॅसेट सरळ मार्गानं आलेल्या नव्हत्या. काहींत थिएटरातल्या माणसाचं डोकं पडद्याच्या मधोमध दिसायचं. आम्ही भाडं तेवढंच घ्यायचो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना माझी मान थोडी खाली आहे.

हजार-दीड हजार लोकांचे फोन जमा करून पहाटे पाचला ज्याचे त्याला परत देणार कसे? तो विचार सोडा. नाटक लेखकाचं आणि कंपनीचं असतं, तुमच्या मंडळानं एका रात्रीचा प्रयोग विकत घेतलेला असतो. म्हणून यूट्यूबवर तक्रार तुम्ही करून उपयोग नाही, ती ज्याचा हक्क त्यानं करायची. फॉर्म तिथंच आहे, फुकट आहे. नव्वद दिवसांत अशा तीन तक्रारी एखाद्या चॅनलवर खऱ्या ठरल्या तर ते चॅनलच बंद होतं. वडशाच्या नाटक कंपन्यांकडे आता पोरं आहेत, त्यांना हे येतं. करार करतानाच विचारा, तुम्ही तक्रार टाकणार का, आणि कोणाच्या नंबरवर कळवायचं.

पण सगळंच अडवू नका. २०२३ साली गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या दारव्ह्याकडच्या पोरांनी झाडीपट्टी म्हणजे काय ते पहिल्यांदा मोबाइलवरच पाहिलं. मी स्वतः तसंच पाहिलं. पहिल्या अंकातलं एक गाणं चित्रित करायला मोकळं ठेवा. सूत्रधाराकडून माइकवर सांगा की हे घ्या, बिनधास्त टाका, गावाचं नाव लिहा. त्यानंतर फोन खिशात. सांगणारा कलाकार पोलिसाच्या वेशात असला तर आणखी बरं.

मांडवात चार कार्यकर्ते फिरते ठेवा. सगळं नाटक लाइव्ह करणारा माणूस लपत नसतो. त्याचा फोन स्टँडवर असतो आणि स्टँड पहिल्या रांगेत. त्याला उठवू नका, चहा पाजायला बाहेर न्या.

यंदा तारीख ठरली की कळवा, मी येतो. तिकीट काढूनच येईन, पण खुर्चीचं नको, खाली बसायचं द्या. रात्रभर खुर्चीत बसलं की माझी कंबर धरते.